आठ सेकंदांचा अंतरपाट

आमच्या कार्यालयात सोळा फोन होते आणि त्यांतला एकही नवा नव्हता. काहींच्या काचेला तडा गेलेला, काहींची बॅटरी फुगत आलेली. परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात तिसऱ्या मजल्यावर आमची जागा होती. तिथे लांब टेबलावर हे फोन ओळीने मांडलेले असत. प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर क्रमांक. कुरिअर घेऊन येणारा माणूस हमखास विचारायचा, "रिपेअरिंगचं दुकान का?" आम्ही हो म्हणायचो, कारण खरे काम समजावायला वेळ लागे.

खरे काम असे. आपण एक वाक्य बोलायचे, उदाहरणार्थ "पिवळी टॅक्सी चौपाटीवरून जाते आहे", आणि फोनने त्या वाक्याचा व्हिडिओ तयार करून दाखवायचा. कॅमेरा नाही, टॅक्सी नाही, चौपाटीही नाही. मोठमोठ्या संगणकांना हे आधीच जमत होते. ते संगणक कुठेतरी दूर, थंड खोल्यांत असतात आणि त्यांच्याशी बोलायला चांगले नेटवर्क लागते. आमच्या कंपनीचा हट्ट असा की हेच काम टेबलावरच्या सोळा फोनांवर, इंटरनेट बंद ठेवून झाले पाहिजे.

मी अभियंता नाही. काही वर्षे दैनिकात उपसंपादक म्हणून आणि नंतर बरीच वर्षे एका वृत्तवाहिनीच्या व्हिडिओ डेस्कवर गेली. कंपनीने मला घेतले ते डोळ्यांसाठी. यंत्राने केलेले तुकडे पाहायचे, चूक असेल तर नेमकी कुठे ते लिहायचे आणि शेवटी पास किंवा नापास अशी खूण करायची. मी नापास म्हटले तर अभियंत्यांचा आठवडा वाया जाई. त्यामुळे मी फार लोकप्रिय नव्हते.

हे यंत्र चित्र काढते कसे, तेही सांगायला हवे. जुन्या टीव्हीवर केबल गेली की पडद्यावर मुंग्या यायच्या. यंत्र तिथूनच सुरुवात करते. मुंग्यांचा पडदा घेते आणि आपल्या वाक्याशी ताडून तो थोडा थोडा साफ करत जाते. मोठा संगणक पन्नास वेळा हात फिरवतो, तेव्हा टॅक्सी दिसते. आमच्या फोनला पन्नास वेळा फिरवायला ना दम ना वेळ. म्हणून त्याला पाच हातांत तेच काम करायला शिकवायचे. शिवाय आतले आकडे सोनाराच्या काट्याने मोजण्याऐवजी भाजीवाल्याच्या काट्याने मोजायचे. थोडे इकडे तिकडे झाले तरी टॅक्सी टॅक्सीच राहते. आणि तिसरी युक्ती म्हणजे जे हलत नाही ते पुन्हा काढायचे नाही. टॅक्सी हलते, मागची इमारत हलत नाही. इमारत एकदा काढली की पुढे तीच वापरायची. निम्मे श्रम इथेच वाचायचे. या तिसऱ्या युक्तीने आम्हाला तोंडघशी पाडले, तो हा प्रसंग.

त्याआधी गिऱ्हाइके कशी होती याचा एक नमुना. गिरगावातल्या एका दंतवैद्यांनी आमचे अॅप चाचणीसाठी घेतले. रूट कॅनॉलला घाबरणाऱ्या रुग्णांना आधी व्हिडिओ दाखवून धीर द्यायचा, असा त्यांचा बेत. महिन्याने त्यांनी ते परत केले. "तुमचं अॅप फार चांगलं आहे हो," ते म्हणाले. "व्हिडिओ बघून तीन पेशंट उठून गेले." यात दोष कोणाचा, यावर आमच्या बैठकीत एक तास चर्चा झाली. निष्कर्ष निघाला नाही.

शालन परब या आमच्या सर्वांत पक्क्या चाचणीदार. लालबागला घर, दादरला फुलांचा गाळा. लग्नाच्या हॉलची फुलांची सजावट हा त्यांचा धंदा. घरी सात बायका हार आणि झालरी ओवायला येत. आमचा मुख्य अभियंता अमेय सावंत लालबागचाच. त्याच्या मुंजीची फुलेही शालनताईंनीच केलेली, त्यामुळे त्या त्याला साहेब वगैरे म्हणत नसत.

अॅप कशाला हवे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी एका दमात सांगितले. "गिऱ्हाइकाला बोलून कळत नाही. मी म्हणते मोगऱ्याची झालर, तिच्या डोक्यात गुलाबाची भिंत. लग्नाच्या दिवशी येऊन म्हणते, हे असं नव्हतं ठरलं. मी पत्रिकेच्या मागे पेनाने काढून दाखवते, तर म्हणते हे काय, कोबी का? मला तिच्या समोर बसून, तिथल्या तिथे दाखवता आलं पाहिजे."

नसलेली सजावट दाखवायची, तीही समोरासमोर, आणि गिऱ्हाइकाने मन बदलले की लगेच बदलून. यंत्राला याहून रास्त काम मिळणार नव्हते.

शालनताईंचा फोन चार वर्षांचा होता. आमच्या टेबलावरचा अकरा नंबर अगदी त्याच बनावटीचा. तरी एक कोडे होते. जो व्हिडिओ अकरा नंबरवर मिनिटभर घेई, तो त्यांच्या गाळ्यात पंचेचाळीस सेकंदांत होई. सावंतने तीन दिवस आकडे तपासले, मग कंटाळून दादरला गेला. शालनताई वाक्य बोलल्या आणि फोन शेवंतीच्या ढिगाशेजारी ओल्या गोणपाटावर ठेवून दिला.

"ताई, फोन पाण्यात का?"

"पाण्यात कुठे, गोणपाटावर. फुलं सुकू नयेत म्हणून गोणपाट ओलं ठेवतो ना? हा पण तापतो. मग याला काय मेल्या उन्हात घालू?"

फोन तापला की स्वतःला जपण्यासाठी हळू चालतो, हे आमच्या सर्वांना ठाऊक होते. त्यावर आठ पानी टिपणही लिहिलेले होते. त्यात गोणपाट नव्हते.

प्रसंग माटुंग्याच्या एका मंगल कार्यालयातला आहे. तिथला हॉल तळघरात, त्यामुळे मोबाईलला नेटवर्क नाही. शालनताई बारा वर्षे तिथे सजावट करत होत्या, पण प्रत्येक लग्नाचे वेगळे ठरायचे. त्या वर्षी व्यवस्थापक बर्वे यांनी जाहीर केले की तुळशीच्या लग्नानंतरचा सगळा मोसम एकाच सजावटवाल्याला देणार. स्पर्धेत एक इव्हेंट कंपनी उतरली. काम त्यांना गेले असते, तर शालनताईंच्या घरच्या सात जणींना मोसमभर फूल ओवायला मिळाले नसते. हॉल एक होता, पण त्यांचे निम्मे वर्ष त्यावर चाले.

शालनताईंकडे एक हुकमाचे पान होते. बर्वे यांना अक्षतांचा राग होता. तांदूळ गालिच्यात जातात, पायाखाली येतात, एकदा एक आजोबा घसरले होते. शालनताईंची तोड अशी की वधूवरांच्या डोक्यावर छताला जाळी बांधायची, तिच्यात पाकळ्या भरायच्या आणि दोरी खाली सोडायची. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर झाला की दोरी ओढायची. वर पाकळ्यांचा पाऊस आणि खाली तांदळाचा एक दाणा नाही. मात्र हे आधी कुठे केलेले नव्हते, म्हणजे दाखवायला फोटोही नव्हता.

आम्ही तो व्हिडिओ कार्यालयात तपासला होता. मी तपासला होता. पास अशी खूण माझी होती.

दाखवण्याच्या दिवशी सावंत आणि मी मागच्या खुर्च्यांवर बसलो. इव्हेंट कंपनीचा प्रतिनिधी आधी उभा राहिला. त्याने लॅपटॉपवर आधीच तयार करून आणलेली फिल्म दाखवली. ती देखणी होती. बर्वे म्हणाले, "छान. आता या गुलाबांच्या जागी शेवंती दाखवा."

"उद्या पाठवतो सर. इथे नेट नाहीये."

मग शालनताई. त्यांनी फोनला सजावट सांगितली, मिनिटभरात व्हिडिओ आला. बर्वे यांनी शेवंती मागितली, शेवंती आली. निळे पडदे मागितले, तेही आले. बर्वे खुर्ची पुढे ओढून बसले. सावंतने मला कोपर मारले.

"आता ते पाकळ्यांचं दाखवा," बर्वे म्हणाले.

शालनताईंनी फोन तोंडाशी धरला आणि सावकाश सांगितले. नवरानवरी समोरासमोर, मध्ये अंतरपाट धरलेला, मग अंतरपाट दूर होतो, वरून पाकळ्या पडतात, दोघे एकमेकांना हार घालतात. आणि लांबी त्यांनी आठ सेकंद सांगितली.

व्हिडिओ सुरू झाला. अंतरपाट दिसला. चार सेकंद झाले, पाच झाले. अंतरपाट जागचा हलला नाही. सहाव्या सेकंदाला पाकळ्या पडू लागल्या आणि अंतरपाटापर्यंत येऊन नाहीशा झाल्या. सातव्या सेकंदाला नवरदेवाने हार घेतला आणि दोन्ही हात कापडातून आरपार घातले.

बर्वे यांनी चष्मा वर केला. "शालनताई, हा नवरा पडद्यातून हात काढतोय."

"आजकालचा मुलगा आहे. धीर नाही त्याला."

"आणि पाकळ्या कुठे गेल्या?"

"पडद्यामागे पडतायत."

"म्हणजे नवरीला दिसणार, मांडवाला नाही." बर्वे हसले, पण लगेच थांबले. "हे बघा, तुम्ही मागेन ते समोर बदलून देता, हे मला आवडलं. पण तुमची सगळी गंमत त्या एका क्षणात आहे आणि नेमका तोच दिसत नाही. यांची फिल्म तरी पूर्ण आहे. पुढच्या रविवारी परत दाखवा. त्याच दिवशी ठरवतो."

बाहेर पडताना शालनताई माझ्याजवळ थांबल्या. आवाज चढलेला नव्हता.

"मॅडम, तुम्ही बघितला होतात ना हा?"

"बघितला होता."

"मग?"



त्या प्रश्नाचे उत्तर मला कार्यालयात मिळाले. तपासणीचा कागद मीच तयार केलेला होता. त्यावर प्रश्न होता, "अंतरपाट दिसतो का?" मी "हो" वर खूण केलेली होती. अंतरपाट दूर होतो का, हा प्रश्न कागदावर नव्हता. शिवाय फोन तापू नयेत म्हणून आम्ही सगळ्या चाचण्या चार सेकंदांच्या ठेवल्या होत्या, आणि चार सेकंदांत अंतरपाट धरलेलाच असतो. आम्ही सगळे मराठी, प्रत्येकाने डझनावारी लग्ने पाहिलेली. अंतरपाट दिसला आणि पुढचे आम्ही आमच्या डोळ्यांनी पूर्ण करून घेतले. हा विधी कधीच न पाहिलेल्या माणसाने निदान विचारले असते, हे कापड मध्ये का धरले आहे आणि ते कधी काढणार?

डेस्कवर मला सवय लागली होती. तुकड्याची सुरुवात, मधले एक दृश्य आणि शेवटची चौकट, म्हणजे फ्रेम, पाहायची, बाकी पळवायचे. दिवसाला दोनशे तुकडे पाहायचे तर दुसरा मार्ग नव्हता. ती सवय मी इथे आणली आणि तिला अनुभव म्हटले.

यंत्राची चूक समजायला सोपी होती. जे हलत नाही ते पुन्हा काढायचे नाही, असे आम्हीच त्याला शिकवले होते. अंतरपाट सुरुवातीचे चार सेकंद हलत नाही. यंत्राने त्याला भिंत समजून कायमचे बाजूला ठेवले.

सावंतने पहिला उपाय सुचवला. ही युक्तीच बंद करायची, प्रत्येक क्षण नव्याने काढायचा. अकरा नंबरवर लावून पाहिले. फोनची पाठ इतकी तापली की हातात धरवेना, आणि पाचव्या सेकंदाचे चित्र काढताना त्याने अॅप बंद करून टाकले.

"ताईंना नवा फोन देऊन टाकू," सावंत म्हणाला. "एका दिवसाचा प्रश्न आहे."

"मग हे टेबल भंगारात दे," मी म्हटले. "सोळा फोन कशाला ठेवलेत?"

"तुम्हाला बोलायला काय जातं? मला रविवारपर्यंत चालवून दाखवायचंय."

"मला शालनताईंना उत्तर द्यायचंय."

आमची दुसरी अभियंता मेघना कोपऱ्यात ऐकत होती. ती मितभाषी होती, आणि इतरांचे भांडण संपायची वाट पाहण्याची तिची पद्धत होती.

त्या दुपारी मी एक यादी केली. बराच वेळ स्थिर राहतात आणि मग एकदम हलतात अशा गोष्टी. दुकानाचे शटर. लिफ्टचे दार. नाटकाचा पडदा. शिवडीच्या खाडीतला बगळा. कुकरची शिटी. सिग्नलला उभी बस. वाचनालयात पेपर वाचणाऱ्या गृहस्थांचे पान. यादी चाळीस गोष्टींवर गेली. प्रत्येकीचा आठ सेकंदांचा व्हिडिओ काढला. तीसहून अधिक नापास. शटर उघडत नव्हते, बगळा उडत नव्हता, शिटी होत नव्हती. अंतरपाट एकटा नव्हता, एवढेच त्यातून कळले, पण ते महत्त्वाचे होते. लग्नापुरता जुगाड करून भागणार नव्हते.

मेघनाने यादी वाचली आणि विचारले, "तुमच्याकडे चॅनेलला कसं करायचे? शेवट काय आहे, हे एडिटरला आधी कसं कळायचं?"

मी सांगितले, रफ कट. दोन मिनिटांची बातमी असली की आधी ती ओबडधोबड लावायची. रंग नाही, आवाज नीट नाही, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी. संपादक ती एकदा पूर्ण पाहतो. मग सफाईला हात लावायचा. शेवट न पाहता सुरुवात चकचकीत करायची नाही.

मेघनाने टेबलावरचा अकरा नंबर उचलला. "नखाएवढं चित्र," ती म्हणाली. "आठ सेकंद पूर्ण, पण नखाएवढं. त्याला काहीच वेळ लागणार नाही. त्यात जे कुठेही, शेवटी का होईना, हललं, ते भिंत नाही. जे शेवटपर्यंत हललं नाही तीच भिंत."

तिने ते तीन दिवसांत बसवले. यंत्र आता आधी पुसटसे, टपालाच्या तिकिटाहून लहान चित्र शेवटपर्यंत काढून पाही आणि मग खऱ्या कामाला लागे. किंमत सात सेकंदांची. अकरा नंबरवर वेळ तेवढा वाढला.

"सात सेकंद," सावंत म्हणाला. "हे वाचवायला मला दोन महिने लागले होते."

"बगळा उडतोय," मेघना म्हणाली.

सावंतने बगळा तीनदा पाहिला. मग त्याने आपले दोन महिन्यांचे काम बदलायला घेतले. या घटनेतली मला सर्वांत आदराची वाटणारी गोष्ट हीच आहे.

या वेळी मी आठही सेकंद पाहिले, एकदा सलग आणि एकदा चौकटीमागून चौकट. पास अशी खूण शनिवारी दुपारी केली.

रविवारी शालनताई पिशवीतून ओले गोणपाट घेऊन आल्या. बर्वे यांनी ते पाहिले आणि पहिला आक्षेप नोंदवला. "टेबल भिजेल."

"खाली पेपर घालते."

पेपर घातला, त्यावर गोणपाट, त्यावर फोन. वाक्य तेच. थांबायचा वेळ शालनताईंनी पाकळ्यांची माहिती देण्यात घालवला. झेंडूच्या पाकळ्या जाळीतून नीट सुटतात, गुलाबाच्या एकमेकींना चिकटतात, म्हणून त्या आदल्या संध्याकाळी पसरून ठेवायच्या. माहिती संपली आणि व्हिडिओ आला.

अंतरपाट चार सेकंद स्थिर होता. मग त्याचे एक टोक हलले आणि तो डावीकडे सरकत निघून गेला. नवरी दिसली, नवरदेव दिसला. वरून पाकळ्या आल्या, दोघांच्या खांद्यांवर पडल्या, आणि हार गळ्यात गेले.

बर्वे यांनी पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा पाहिले. मग फोन स्वतःच्या हाताने गोणपाटावर ठेवला.

"या पाकळ्या उचलणार कोण?"

"मी. पहिली पंगत उठायच्या आत."

"लिहून द्या."

शालनताईंनी तिथेच, टेबलावरच्या पेपराच्या कोरड्या कडेवर लिहून दिले. मोसम त्यांना मिळाला. बाहेर आल्यावर त्या सावंतला एवढेच म्हणाल्या, "बघ मेल्या, जमतंय की तुका." सावंतने ते प्रशस्तिपत्र अजून कुठे लावलेले नाही, पण दर महिन्याला एकदा तरी त्याचा उल्लेख होतो.

इथे थांबता आले असते. पण मोसमातल्या पहिल्या लग्नाला शालनताईंनी मला बोलावले आणि मी गेले.

सजावट व्हिडिओत होती तशीच होती. मंगलाष्टके संपली, अंतरपाट दूर झाला, शालनताईंनी दोरी ओढली. जाळी उघडली आणि सगळ्या पाकळ्या एकदम खाली आल्या. मी घड्याळाकडे बघत होते. एक सेकंद, फार तर सव्वा. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. जेवणाच्या वेळी नवरीची आई शालनताईंना शोधत आली.

"छानच झालं हो. पण तुम्ही दाखवलेल्या व्हिडिओत पाकळ्या बराच वेळ पडत होत्या ना?"

"पडत होत्या," शालनताई म्हणाल्या.

त्या बाई गेल्यावर शालनताई माझ्याकडे वळल्या. "तुमच्या फोनला सांगा, पाकळ्यांना वजन असतं."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. व्हिडिओत त्या तीन सेकंद पडत होत्या, तरंगत, जितक्या सुंदर पडाव्यात तितक्या. कापड दूर होते का, हे मी चौकटीमागून चौकट तपासले होते. पाकळी किती वेगाने पडते, हे तपासले नव्हते. बातमीत असे झाले असते तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला असता.

"व्हिडिओच्या खाली ओळ असते," मी म्हटले. ती ओळ माझ्याच आग्रहाने घातलेली होती: हे दृश्य कल्पनेतले आहे.

"ओळ कोण वाचतं? माणसं पाकळ्या बघतात."

आम्ही पाकळ्यांचा वेग दुरुस्त करायला घेतला. ते काम अजून चालू आहे. हलक्या वस्तू नीट पाडणे हे टॅक्सी चालवण्यापेक्षा अवघड निघाले. शालनताई मात्र आमच्यासाठी थांबल्या नाहीत. पुढच्या लग्नाला छताला एकाऐवजी तीन लहान जाळ्या होत्या, तीन दोऱ्या, आणि दोऱ्यांपाशी हार ओवणाऱ्यांपैकी तिघी. अंतरपाट दूर झाला. पहिलीने ओढली, मग दुसरीने, मग तिसरीने. मी वेळ लावला. साडेतीन सेकंद, म्हणजे फोनपेक्षा अर्धा सेकंद जास्त.

सोमवारी परळला आल्यावर तपासणीच्या कागदावर मी एक प्रश्न वाढवला. हे प्रत्यक्षात करायला किती माणसे लागतील? सावंत म्हणाला, याचे उत्तर यंत्राला देता येणार नाही. मी म्हटले, मला माहीत आहे. आणि पहिल्या रकान्यात लिहिले, तीन.